‘सगळे सारखेच’ म्हटलं की तपासायला काही उरत नाही

प्रश्न असा आला आहे: “गेली काही वर्षं माझा कशावरच विश्वास बसत नाही. नेत्यांची भाषणं, निवडणुकीचे सर्व्हे, टीव्हीवरचे तज्ज्ञ, सरकारचे आकडे, विरोधकांचे आकडे, सगळंच ठरवून केलेलं वाटतं. कुणी काही बोललं की ‘याचा यात काय फायदा’ हेच आधी डोक्यात येतं. मित्र म्हणतात, तू फार नकारात्मक झालायस. मला वाटतं, मी वास्तववादी आहे. पण प्रत्येक वादात शेवटी ‘सगळे सारखेच’ म्हणून मीच उठतो आणि नंतर जरा चुकल्यासारखं वाटतं. माझी मतं कितपत धड आहेत, हे कसं तपासू?”

‘चुकल्यासारखं वाटतं’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हे लांबलचक उत्तर. तसं ज्याला वाटत नाही त्याच्यासाठी एवढं टंकण्याचे कष्ट मी घेतले नसते.

माझी ओळख एवढीच: २६ वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर. आधी उपसंपादक, मग मुख्य उपसंपादक, आणि शेवटची ७ वर्षं फक्त पडताळणी. कुणीतरी काहीतरी म्हटलंय, ते खरं की खोटं एवढंच बघायचं. संशयावरच पोट होतं म्हणा ना. तरीही आमच्या डेस्कवरचा सगळ्यात बिनकामाचा माणूस कोण, असं विचाराल तर तो, जो प्रत्येक कॉपी वाचून “सगळं थोतांड आहे” म्हणायचा आणि तशीच पुढे सोडायचा. उभ्या कारकिर्दीत त्याने एक चूक पकडल्याचं मला आठवत नाही. चुका पकडायची ती त्याच्या शेजारी बसणारी सहकारी. ती फारसं बोलायची नाही. छापील कॉपीवर पेन्सिल टेकवून विचारायची, “हा आकडा कुठल्या महिन्याचा?” आणि वार्ताहराचा चेहरा उतरायचा.

त्या माणसाची शंका सगळ्यांवर सारखी पसरलेली होती, म्हणून ती कुणालाच बोचली नाही. हिची शंका पेन्सिलीच्या टोकाएवढी होती. एक आकडा, एक तारीख, एक वाक्य. तुमची शंका यांतल्या कुठल्या जातीची आहे, ते आधी बघू.

सगळ्यांवर सारखा अविश्वास दाखवणारा माणूस स्वतःला हुशार समजतो, पण तो कुणाच्या तरी फार सोयीचा असतो. अमेरिकेतल्या एका सिगारेट कंपनीचं १९६९ सालचं अंतर्गत टिपण पुढे बाहेर आलं. शंका हाच आपला माल आहे, लोकांच्या मनात बसलेल्या तथ्यांशी स्पर्धा करायला याहून चांगलं साधन नाही, असं त्यात सरळ लिहिलेलं होतं. सिगारेट निरुपद्रवी आहे हे सिद्ध करायची गरजच नव्हती. ‘अजून नक्की काही नाही बुवा’ एवढं लोकांच्या तोंडी बसलं, की दुकान चालू. राजकारणातही हाच माल विकला जातो. खोटं बोलणाऱ्या नेत्याला तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवायलाच हवा असं काही नसतं. कुणीच खरं बोलत नाही एवढं तुम्हाला पटलं तरी त्याचं भागतं, कारण मग पकडला गेला तरी तो इतरांहून वाईट ठरत नाही. ‘सगळे सारखेच’ म्हणून तुम्ही उठता तेव्हा त्याला माफी मिळालेली असते, आणि जो खरोखर कमी खोटं बोलतो त्याला उगाच शिक्षा.

आता माझी स्वतःची एक फजिती सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलेलं आहे.

रात्रीचे साडेअकरा, पान सुटायला पाऊण तास. अग्रलेखाच्या खाली चार ओळींची जागा रिकामी राहिली होती. मी तिथे फ्रेंच विचारवंत व्होल्तेअरचं ते प्रसिद्ध वचन टाकलं: तुझं म्हणणं मला मान्य नाही, पण ते म्हणण्याचा तुझा हक्क मी प्राण पणाला लावून राखीन, अशा अर्थाचं. चौकट झकास दिसली. आठ दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं, बारीक तिरक्या अक्षरातलं. हे वाक्य व्होल्तेअरच्या लेखनात कुठेही नाही, एव्हलिन बिएट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने १९०६ साली त्याच्यावरच्या पुस्तकात त्याची वृत्ती सांगताना ते लिहिलं, असं वाचकाने कळवलं होतं. व्होल्तेअर वारला १७७८ साली. मी शोधलं. पोस्टकार्ड बरोबर होतं.

चुकीपेक्षा मला दुसरीच गोष्ट लागली. त्याच रात्री मला अजिबात न आवडणाऱ्या एका नेत्याच्या भाषणाची बातमी माझ्याकडे होती. त्यातला एक आकडा तपासायला मी तीन ठिकाणी फोन केले होते. आकडा बरोबर निघाला, म्हणून चौथाही केला. व्होल्तेअरसाठी एकसुद्धा नाही. वचन माझ्या मताचं होतं. घरच्या माणसाकडे ओळखपत्र कोण मागतो?

शंका आपल्या बाजूवर चालते का, एवढी एकच कसोटी मी तेव्हापासून मानतो. विरोधी बाजूचं खोटं पकडणं हा छंद आहे, कुणालाही जमतो. तुम्ही लिहिलंय की कशावरच विश्वास बसत नाही. खरं सांगू? मला हे पटत नाही. ज्यावर तुमचा विश्वास बसला आहे, ते तुम्हाला ‘मत’ म्हणून दिसतच नाही, ते ‘उघड आहे’ या सदरात जमा झालेलं असतं. ते शोधून काढा. शिकाऊ उपसंपादकांकडून मी एक खेळ करून घ्यायचो. भाषणातली चार-पाच वाक्यं नेत्याचं आणि पक्षाचं नाव काढून कागदावर द्यायची आणि प्रत्येकापुढे ‘तपासायला हवं’ किंवा ‘ठीक’ असं लिहायला सांगायचं. मग नावं टाकून तोच कागद पुन्हा. खुणा बदलायच्या. खोलीत आधी हशा व्हायचा, मग जो तो आपापला कागद पालथा घालायचा. घरी करायचं असेल तर बातमी वाचताना नावावर अंगठा ठेवा आणि तिथे आपल्या लाडक्या माणसाचं नाव वाचा. राग तेवढाच येतो का बघा.

आता आकडे. ‘आकडे काय, कसेही फिरवता येतात’ हे डेस्कवर मी इतक्यांदा ऐकलंय की ते भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नव्हती. माझा अनुभव वेगळा आहे. अधिकृत आकडा साफ बनावट निघणं क्वचित घडतं. आकडा बहुतेक वेळा खरा असतो, फक्त तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नसतं.

बेरोजगारीचं उदाहरण जवळून बघू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येप्रमाणे, ठरलेल्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास जरी काम केलं असेल तरी तो माणूस रोजगारात धरला जातो. आणि बेरोजगार कोण? ज्याच्याकडे काम नाही, जो काम करायला मोकळा आहे आणि ते शोधतोही आहे, तो. शोधणं सोडलंत की तुम्ही बेरोजगारही राहत नाही, हिशेबातूनच वजा होता. आता समजा १०० माणसं श्रमबाजारात आहेत, त्यातली १० बेरोजगार. दर १० टक्के. वर्षभरात एकालाही काम मिळालं नाही, पण ५ जण कंटाळून शोधायचे थांबले. उरले ९५, त्यांत बेरोजगार ५. दर झाला ५.३ टक्के. मंत्री सांगतात, बेरोजगारी जवळजवळ निम्म्यावर आली. विरोधक ओरडतात, धादांत खोटं. तुम्ही म्हणता, दोघेही सारखेच.

नाहीत सारखे. मंत्र्यांचा आकडा खरा आहे आणि दावा पोकळ आहे. विरोधकांचा संशय रास्त आहे आणि ‘खोटं’ हा शब्द चुकीचा आहे. यातून सुटायचा रस्ता एकच: एकूण माणसांपैकी प्रत्यक्ष काम करणारी किती, हे शेजारी मांडायचं. आधी ९०, नंतरही ९०. काहीच बदललेलं नाही. हा दुसरा आकडा लपवलेला नसतो बरं का. साधारणपणे त्याच अहवालात, दोन-चार तक्त्यांच्या अंतरावर असतो. तिथपर्यंत कुणी जात नाही, एवढंच.

महागाईचंही असंच. दर ८ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नाही. शंभरची वस्तू पहिल्या वर्षी १०८ झाली, दुसऱ्या वर्षी ११२.३२. दर घसरला, किंमत चढली. ‘महागाई कमी झाली म्हणतात, मग बाजारात का दिसत नाही’ या वाक्यावर माणसं तासतास भांडतात. दोघांनी ‘महागाई’चा अर्थ वेगळा धरलाय, हे एकाच्याही लक्षात येत नाही.

गुन्ह्यांच्या आकड्यांत फसण्याची जागा वेगळी आहे. तिथे नोंदणीची पद्धत बदलली की गुन्हेगारी वाढल्यासारखी दिसते. लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत स्वीडनकडे बोट दाखवून जगभर राजकारण झालं. आता स्वीडनची पद्धत बघा. एकाच माणसाने एकाच व्यक्तीवर अनेकदा अत्याचार केला असेल तर तिथे प्रत्येक वेळचा गुन्हा वेगळा मोजतात, तक्रार येताच नोंदवतात, आणि २००५ साली कायद्यातली व्याख्याही व्यापक केली गेली. दुसरा देश हे सगळं एक प्रकरण म्हणून मोजत असेल तर दोघांचे आकडे शेजारी ठेवून काय कळणार? याचा अर्थ स्वीडनमध्ये सगळं आलबेल आहे असा नाही. त्या तुलनेतून तुमचा किंवा तुमच्या विरोधकाचा मुद्दा सिद्ध होत नाही, एवढाच अर्थ.

सर्व्हेवर तुमचा राग आहे आणि तो थोडाफार त्यांनी कमावलेलाही आहे. पण रागावण्याची जागा बहुतेकांची चुकते. “मला तर कुणी विचारलं नाही, हजार माणसांवरून देशाचं काय कळणार?” हा आक्षेप सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत कच्चा. भात शिजला का बघायला अख्खं पातेलं कुणी खात नाही. नमुना किती मोठा यापेक्षा तो कसा निवडला, हे महत्त्वाचं. १९३६ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांनी लँडन जिंकणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. पत्ते काढले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून, मंदीच्या काळात. त्यात उत्तर पाठवण्याची तसदी कुणी घेतली आणि कुणी घेतली नाही, हाही घोळ. सर्व्हे घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्यापुढे चिमूटभर वाटावा अशा नमुन्यावरून बरोबर अंदाज दिला. आणि तेच गॅलप १९४८ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत ड्युई जिंकणार म्हणून तोंडघशी पडले. ट्रूमन निवडून आले. नमुन्यात कुठल्या गटाची किती माणसं घ्यायची हे ठरलेलं असलं, तरी नेमकी कोणती माणसं ते विचारणाऱ्यावर सोडलेलं होतं, आणि मतदानाच्या बरंच आधी विचारणं थांबवलं होतं. माणूस तोच, पद्धत गंडली. म्हणून ‘अमुक संस्थेचा सर्व्हे म्हणजे विकलेला’ किंवा ‘अमुकचा म्हणजे पक्का’ या दोन्ही वाक्यांना मी कान देत नाही.

मी बघतो ते एवढंच. हजारांचा नमुना नीट निवडला असेल तर साधारण ३ टक्क्यांची घट-वाढ धरावी लागते. पण ती एका पक्षाच्या आकड्यावर. दोघांमधल्या फरकावर ती जवळपास दुप्पट होते. ४२ विरुद्ध ३९ असा निकाल आला तर त्या तीन टक्क्यांच्या आघाडीवर साडेपाच टक्क्यांच्या आसपास घट-वाढ आहे. ही बातमी ‘चुरस’ एवढीच आहे, ‘आघाडी’ नाही. शिवाय ज्यांनी दार लावून घेतलं, खोटं सांगितलं, त्यांची चूक या गणितात येतच नाही. आणि मतांवरून जागा काढताना आणखी एक उडी मारावी लागते. ब्रिटनमध्ये २०२४ साली मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतं पडली आणि ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. ‘देशाने भरघोस कौल दिला’ म्हणणारा जागा मोजत होता, ‘तीनात दोघांनी नाकारलं’ म्हणणारा मतं. वाद घालण्याआधी आपण काय मोजतोय हे तरी एकमेकांना सांगावं.

आता सार्वजनिक व्यक्ती. तुम्ही लिहिलंय की कुणी काही बोललं की आधी ‘याचा यात काय फायदा’ हे तुमच्या डोक्यात येतं. डेस्कवर आम्हालाही हेच शिकवलं होतं. ते निम्मंच बरोबर आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. बोलणारा साक्षीदार आहे की युक्तिवाद करतोय, हे आधी ठरवा. साक्षीदार म्हणतो, “मी पाहिलं.” तिथे तो कोण, तिथे होता का, त्याला काय मिळणार, हे सगळं विचारलंच पाहिजे. इराकने कुवेत बळकावल्यानंतर, ऑक्टोबर १९९० मध्ये, अमेरिकी लोकप्रतिनिधींपुढे एका १५ वर्षांच्या कुवेती मुलीने सांगितलं की इराकी सैनिकांनी रुग्णालयातल्या इनक्युबेटरमधून बाळं बाहेर काढून टाकलेली तिने पाहिली. युद्धाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही साक्ष पुन्हा पुन्हा सांगितली. ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची कन्या होती हे उघड व्हायला जानेवारी १९९२ उजाडला, आणि त्या गोष्टीला पुढच्या तपासांत आधार सापडला नाही. ‘ही कोण?’ एवढा प्रश्न वेळेत विचारायला हवा होता. २००३ च्या इराक युद्धाआधीही तेच झालं. सत्तापालट हवा असलेल्या निर्वासित इराकींच्या सांगण्यावर बातम्या उभ्या राहिल्या.

पण माणूस जेव्हा पुरावा समोर ठेवतो, मोजमाप ठेवतो, तेव्हा त्याचा हेतू काढून काहीच सिद्ध होत नाही. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा एक महत्त्वाचा सुरुवातीचा अभ्यास १९३९ साली नाझी राजवटीतल्या जर्मनीत झाला. राजवट किती नीच होती हे सांगायला नको. संबंध मात्र खरा होता, आणि १९५० मध्ये ब्रिटन-अमेरिकेतल्या अभ्यासांनीही तेच दाखवलं. ‘तो तर अमक्याचा माणूस’ म्हणून पुरावा ढकलून देणं म्हणजे पत्र न उघडता टपालवाल्यावर खेकसणं. आपल्याकडच्या रोजच्या वादांत निम्म्याहून जास्त वेळ यातच जातो.

व्हिडिओंबद्दल एकच सांगतो, कारण त्यावर बोलणारे उदंड आहेत. बनावट चेहऱ्यांच्या भीतीने लोक हैराण असतात, पण माझ्या टेबलावर येणारा माल बहुतांशी साधा असायचा: जुना फोटो, नवी तारीख, किंवा मधलं एक वाक्य कापलेलं भाषण. मे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नेत्या नॅन्सी पेलोसींचा जो व्हिडिओ फिरला, त्यात फक्त वेग ७५ टक्क्यांच्या आसपास आणला होता. तेवढ्याने त्या नशेत असल्यासारख्या वाटल्या. दहा सेकंदांची क्लिप बघून कुणाबद्दल मत बनत असेल तर आधीची आणि नंतरची दोन मिनिटं शोधा. नाही मिळाली, तर मत राखून ठेवा. मत राखून ठेवायला कुणी भाडं मागत नाही.

तज्ज्ञांविषयीचा तुमचा संशय मात्र मी बऱ्यापैकी उचलून धरेन. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने २८४ जाणकारांचे राजकीय-आर्थिक अंदाज जवळपास वीस वर्षं गोळा करून पडताळले. लांब पल्ल्याच्या अंदाजांत त्यांची कामगिरी सरसकट साध्या ठोकताळ्यांहून सरस निघाली नाही, आणि जास्त प्रसिद्ध असलेले जास्त आत्मविश्वासाने चुकत होते. हे वाचून मला आनंद झाला. मग म्हटलं, आपलं काय? तेव्हापासून एक दोनशे पानी वही ठेवलीय. अमुक विधेयक मंजूर होईल, ७० टक्के. अमुक नेता पक्ष सोडेल, ४० टक्के. शेजारी तारीख, आणि वेळ आली की खाली निकाल. पहिल्या वर्षाचा हिशेब मी बायकोलाही दाखवला नाही. ९० टक्के खात्री लिहिलेल्या ओळींखाली इतक्या फुल्या होत्या की त्यानंतर ९० लिहिताना हात अडखळायला लागला. तुम्हालाही हेच सुचवीन. ‘मी आधीच सांगितलं होतं’ हे वाक्य वही नसलेल्या माणसाच्या तोंडी फार शोभतं.

अजून एक कबुली राहिलीय. कार्यशाळांमध्ये मी बरीच वर्षं ठासून सांगायचो की लोकांना पुरावा दाखवला तर ते उलट आपल्या चुकीच्या मताला आणखी घट्ट धरतात. नायहन आणि रायफ्लर यांचा २०१० सालचा अभ्यास मी त्यासाठी पुढे करायचो. इराकमध्ये संहारक शस्त्रं सापडली नाहीत हे वाचूनही काहींचा ती होती यावरचा विश्वास वाढला, असं त्यात दिसलं होतं. मला तो भारी आवडायचा. लोक मूर्ख आहेत आणि आपण पडताळणीवाले एकाकी शहाणे, असं काहीसं त्यातून वाटायचं. मग २०१९ मध्ये वुड आणि पोर्टर यांचा अभ्यास आला: दहा हजारांहून जास्त माणसं, ५२ विषय. उलटा परिणाम जवळपास कुठेच नाही. लोक दुरुस्ती वाचून, आपल्या बाजूला न आवडणारी असली तरी, तथ्यापुरते थोडे सरकत होते. नेत्याबद्दलची आवड त्याने बदलतेच असं नाही, पण तथ्याबद्दलची समजूत बदलते. माझ्या कार्यशाळेतली ती स्लाइड मी गुपचूप काढून टाकली. गुपचूप काढली हेही चुकलंच. आधीच्या बॅचना कळवायला हवं होतं.

यावरून आठवलं, कुणावर विश्वास ठेवायचा असं तुम्ही सरळ विचारलं नसलं तरी तुमच्या प्रश्नात ते आहे. मी खुलासे वाचतो. जे वर्तमानपत्र, जी संस्था, जो नेता आपली चूक नाव-तारखेसह छापतो, त्याच्या पुढच्या वाक्याला मी थोडे जास्त गुण देतो. न्यूयॉर्क टाइम्सने २६ मे २००४ रोजी इराकविषयीच्या आपल्याच बातम्यांतल्या त्रुटी मान्य करणारी संपादकीय टीप छापली. युद्ध सुरू होऊन वर्ष उलटलं होतं, टीप आतल्या पानावर होती, उशिराचं शहाणपण होतं. तरी ती छापलेली आहे, आज काढून वाचता येते. ज्यांनी तेच सगळं छापलं आणि पुढे अवाक्षर काढलं नाही, ते आणि हे ‘सारखेच’ कसे?

बाकी रोजच्या वादांचं म्हणाल, तर मी आता एकच प्रश्न विचारतो: काय दिसलं तर तुझं मत बदलेल? गेल्या वर्षी माझा मेहुणा जेवणं झाल्यावर रोजगारावरून भांडायला बसला. तो सरकारच्या बाजूचा, मी नेहमीसारखा शंका काढणारा. मी ठेवणीतला प्रश्न टाकला. त्याने खरंच विचार केला. म्हणाला, “काम करणाऱ्यांचं प्रमाण लागोपाठ दोन वर्षं घसरलं तर मी मानीन.” मग माझ्याकडे वळून, “आणि भाऊजी, तुमचं काय? काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की बरं चाललंय?”

मी सुरुवात केली, “आकडे विश्वासार्ह असतील तर, आणि कामाचा दर्जा, आणि पगार...” त्याने हात वर केला. “म्हणजे तुमच्या मताला कुठलाच आकडा चालत नाही.”

बायको हसली. मी पाणी प्यायलो. त्या रात्री वही काढून मी त्याची अट लिहिली, आणि बऱ्याच खाडाखोडीनंतर खाली माझी: तेच प्रमाण दोन वर्षांत दोन टक्क्यांनी वाढलं आणि पगारी नोकरीतल्यांचा वाटा घटला नाही, तर मी चूक. त्याला फोटो काढून पाठवला. दोन्ही ओळींपुढे तारीख आहे. पुढचा अहवाल आला की तो माझ्या बाजूने असो की त्याच्या, पहिला फोन त्याचाच येईल. ८० टक्के.